कांद्याचे लोणचे वर्षभर का टिकत नाही? कांदा टिकवण्याचा इतिहास आणि आजची काळजी

उन्हाळी कांदा निघाला आणि भाव पडला, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, घरात कांदा पडून आहे. मोबाईलवर तेलातल्या कांद्याच्या लोणच्याचा व्हिडिओ पाहिला. वर्षभर टिकतं म्हणतात. करू का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. आपला नगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) कांद्याचा जिल्हा. घोडेगाव, नेप्ती, वांबोरी या बाजारांत कांद्याच्या गोण्यांचे ढीग लागतात. लोणच्याची हौसही आपल्याकडे काही कमी नाही. कैरीचे, लिंबाचे, मिरचीचे, करवंदाचे लोणचे घरोघरी होते. मग वर्षभर पुरणारी कांद्याच्या लोणच्याची बरणी आपल्या आज्यांनी फडताळात का ठेवली नाही? कांदा तर सगळ्यात स्वस्त आणि हाताशी होता.

याचे उत्तर थोडे धर्मात, थोडे शेतात आणि बरेचसे जंतुशास्त्रात आहे. ते समजले, की व्हिडिओ पाहून लोणचे करावे की नाही हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

लोणचे म्हणजे मुळात काय?

'लोणचे' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ यावरून आला. हिंदीतला 'अचार' फारसीतून आला. आपल्या शब्दातच कृती सांगितलेली आहे: मिठात मुरवलेला पदार्थ. दख्खनमध्ये ही कला जुनी आहे. १५९४ मधल्या लिंगपुराण या कानडी ग्रंथात पन्नासएक प्रकारच्या लोणच्यांचा उल्लेख असल्याचे खाद्य-इतिहासकार के. टी. अचया यांनी नोंदवले आहे. त्या वेळी नगरला निजामशाही होती आणि दुसऱ्याच वर्षी मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, जो चांदबिबीने लढवला. मिरची तोवर पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली होती, पण ती अमेरिकेतून आलेली पाहुणी. त्याआधीचा तिखटपणा मिरी, आले आणि मोहरीचा.

लोणचे टिकते ते चार गोष्टींच्या जोरावर. मीठ पाणी ओढून घेते. आंबटपणा जंतूंना वाढू देत नाही. मोहरी, हळद, हिंग थोडी मदत करतात. वरचे तेल हवा अडवते, म्हणून बुरशी येत नाही. या चारांत खरे पहारेकरी दोनच, मीठ आणि आंबटपणा. तेल हा पहारेकरी नाही, तो फक्त दरवाजा आहे. आत चोर आधीच असेल तर दरवाजा बंद करून काय उपयोग, हे पुढे पाहू.

कैरी आणि लिंबू जन्मतःच आंबट. कांद्याचे तसे नाही. कांद्यात शंभरातले ८६ ते ८९ भाग पाणी असते, थोडी साखर असते आणि आंबटपणा जवळपास नसतोच. आंबटपणा 'पीएच' या एककात मोजतात. आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ च्या आसपास, कांद्याचा ५.३ ते ५.८ च्या आसपास. ४.६ हा आकडा मात्र लक्षात ठेवा. हा सगळा लेख त्या आकड्याभोवती फिरणार आहे.

पलांडू ते कांदेनवमी

कांदा मूळचा मध्य आशियाकडचा. इजिप्तमध्ये राजा चौथा रामसेस याच्या ममीच्या डोळ्यांच्या खोबणीत कांदे ठेवलेले सापडले, इतका त्याचा मान. भारतात मात्र त्याचे स्थान नेहमी दुहेरी राहिले. चरकसंहितेत कांद्याला 'पलांडू' म्हटले आहे. तो वात कमी करणारा, बळ देणारा, पचायला जड आणि तोंडाला रुची आणणारा असे त्याचे वर्णन आहे. म्हणजे वैद्यांना कांदा वर्ज्य नव्हता. समाजातल्या वरच्या थराला मात्र तो चालत नव्हता. सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात येऊन गेलेला चिनी प्रवासी ह्युएन त्संग याने भारताबद्दल लिहिताना नोंदवले आहे, की कांदा-लसूण फार थोडे लोक खातात आणि खाणाऱ्यांना गावाबाहेर राहावे लागते.

पुढच्या काळात कांदा गावात आला, ताटात आला, पण देवघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबला. आषाढ शुद्ध नवमीला आपण कांदेनवमी साजरी करतो. भजी, थालीपीठ, भरली कांदी, झुणका असे काय काय करून कांदा खाऊन घ्यायचा. दोन दिवसांनी आषाढी एकादशी आणि तिथून चातुर्मास. पाळणाऱ्या घरांत कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण बंद.

आता लोणच्याची बरणी आठवा. ती सोवळ्यात उघडली जायची. त्यातली फोड नैवेद्याच्या पानात डावीकडे वाढली जायची. सणाला, श्राद्धाला, उपासाच्या दुसऱ्या दिवशी तीच बरणी. त्या बरणीत कांदा घातला असता तर ती निम्मे वर्ष कुलूपबंद राहिली असती. पाळणाऱ्या घरांत वर्षाचे कांदा-लोणचे रुजले नाही, त्याचे एक कारण हे असावे असे मला वाटते. पण हे पूर्ण उत्तर नव्हे. चातुर्मास न पाळणारी, रोज कांदा-भाकर खाणारी घरे जिल्ह्यात जास्तच होती. त्यांनीही अशी बरणी भरली नाही, कारण त्यांच्याकडे कांदा टिकवण्याच्या दुसऱ्या, जास्त चांगल्या रीती होत्या.

आपल्या घरांनी कांदा कसा टिकवला?

पहिली रीत, कांदा अख्खाच ठेवणे. कांदा ही वनस्पतीने स्वतःच बांधलेली साठवणीची कोठी आहे. वरची पापुद्र्यासारखी साल वाळली, मान बंद झाली, की आतला कांदा झोपी जातो. शेतकरी पात पडू देतात, पातीसकट कांदा शेतात सुकवतात, मग मान कापून चाळीत भरतात. चाळ जमिनीपासून उचललेली आणि बाजूंनी हवा खेळती ठेवणारी. खरिपाचा पोळ कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा फार टिकत नाहीत. टिकतो तो रब्बीचा उन्हाळी कांदा, चार ते सहा महिने. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ (स्थापना १९६८) आणि राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन केंद्र यांनी टिकणाऱ्या वाणांवर पुष्कळ काम केले आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली विकिरण केंद्र सुरू केले. तिथे कांद्यावर गॅमा किरण सोडले, की त्याला कोंब फुटत नाहीत. "असा कांदा खाल्ल्याने कॅन्सर होतो का?" असे पेशंट विचारतात. होत नाही. किरण कांद्यातून निघून जातात, कांदा किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढल्यावर तुम्ही किरणोत्सारी होता का? तसेच ते.

दुसरी रीत, कांद्यातले पाणी काढून टाकणे. आपल्या भागाचे खरे 'कांद्याचे लोणचे' मला वाटते ते हेच: कांदा-लसूण मसाला आणि काळा मसाला. एप्रिल-मे मध्ये कांदा उभा चिरायचा, चादरीवर कडक उन्हात वाळवायचा, मग तेलात काळपट होईपर्यंत तळायचा. मिरची, धने, खोबरे, खडा मसाला वेगवेगळा भाजायचा आणि सगळे डंकावर कुटून आणायचे. तो मसाला वर्षभर टिकतो. जंतूंना वाढायला पाणी लागते आणि इथे पाणीच शिल्लक नसते. आपल्या आज्यांना ही गोष्ट बोटांनी कळत होती: कांदा मोडला की 'कटकन' आवाज आला पाहिजे, वाकता कामा नये. जळगावच्या जैन समूहाने आणि गुजरातेतल्या महुव्याच्या कारखान्यांनी पांढरा कांदा वाळवून परदेशी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी तत्त्व हेच वापरले. फक्त उन्हाच्या जागी यंत्र आले.

तिसरी रीत, तात्पुरते लोणचे. कांदा चिरून मीठ, लिंबू, थोडी फेसलेली मोहरी आणि हळद. दोन-चार दिवसांत संपवायचे. गाजराचे, फ्लॉवरचे ताजे लोणचे करतात तसेच. त्याला कोणी 'वर्षाचे' म्हणत नसे. घरात नवी आलेली सून तसे म्हणाली असती तर सासूने तिथेच थांबवले असते.

म्हणजे परंपरेने कांदा तीनच प्रकारे ठेवला: अख्खा, कोरडा किंवा चार दिवसांपुरता आंबट. ओला कांदा तेलाखाली महिनोन्‌महिने ठेवणे या यादीत नाही. ही यादी कोणी प्रयोगशाळेत बसून केलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ती तयार झाली. त्यामागचे कारण शास्त्राला कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

बाटली, सॉसेज आणि अंत्यविधीचे जेवण

फ्रान्समधला निकोला अपेर हा मिठाई करणारा. त्याने अन्न काचेच्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, बाटली पाण्यात उकळून टिकवण्याची रीत शोधली. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. अन्न का टिकते हे त्याला ठाऊक नव्हते. जंतू आणि कुजणे यांचा संबंध लुई पाश्चरने दाखवला तो त्यानंतर पन्नास वर्षांनी.

याच काळात जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर (तो कवीही होता) एका विचित्र विषबाधेच्या नोंदी करत होता. सॉसेज खाल्लेल्या माणसांना एकाचे दोन दिसायचे, पापण्या मिटायच्या, घास गिळता यायचा नाही, शेवटी श्वास थांबायचा. शुद्ध मात्र शेवटपर्यंत असायची. लॅटिनमध्ये सॉसेजला 'बोटुलस' म्हणतात, म्हणून या रोगाचे नाव पडले बोटुलिझम.

१८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल या गावी एका अंत्यविधीनंतर वाजंत्री मंडळींनी खारवलेले हॅम खाल्ले. बरेच जण आजारी पडले, तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या मांसातून जंतू शोधून काढला. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम म्हणतात. लक्षात घ्या, ते मांस मिठात ठेवलेले होते. पण मीठ पुरेसे नव्हते आणि मांसाला हवा लागत नव्हती.

या जंतूचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. तो मातीत राहतो. म्हणजे जमिनीत वाढणारा कांदा, लसूण, बटाटा यांच्या अंगावर त्याची बीजे (स्पोअर) असू शकतात. नुसती बीजे पोटात गेली तर मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. आपण रोजच ती थोडीफार खात असू. घरच्या पातेल्यात उकळूनही ती मरत नाहीत, त्यासाठी १२१ अंश सेल्सियस तापमान लागते. ती उगवतात कधी? तीन गोष्टी जुळल्या की. हवा नसली पाहिजे, ओलावा हवा, आणि आंबटपणा कमी, म्हणजे पीएच ४.६ च्या वर हवा. मग ती विष तयार करतात. त्या विषाला वास येईलच असे नाही, चव बदलेलच असे नाही.

आता तेलात बुडवलेला, परतलेला, न आंबवलेला कांदा डोळ्यांसमोर आणा. हवा नाही, ओलावा आहे, पीएच ५ च्या वर आहे. सगळे जुळते.

कांद्याने आणि लसणाने घडलेले प्रसंग

हे पुस्तकी भय नाही. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पिओरिया शहरी एका हॉटेलात खाल्लेल्या २८ जणांना बोटुलिझम झाला. कारण काय निघाले, तर मार्गारिनमध्ये परतलेला कांदा. तो ताज्या कांद्यापासूनच केला होता, पण वितळलेल्या मार्गारिनच्या थराखाली तवाभर कांदा तसाच कोमट ठेवला होता आणि वाढताना पुन्हा नीट गरम केला नव्हता. कित्येकांना व्हेंटिलेटर लावावा लागला.

दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहात जेवलेल्या तीसहून अधिक लोकांना तोच रोग झाला. तिथे कारण होते तेलात ठेवलेला चिरलेला लसूण. बाटली फ्रिजबाहेर ठेवली होती. रुग्ण वेगवेगळ्या गावी पांगले होते, म्हणून सुरुवातीला अनेकांचे निदानच चुकले. १९८९ मध्ये अमेरिकेतही असाच प्रकार झाला आणि मग तिथल्या सरकारने तेलातल्या लसणात आम्ल घालणे सक्तीचे केले.

"हे परदेशात होतं, आपल्याकडे नाही," असे कोणी म्हणेल. १९९६ मध्ये गुजरातेतल्या एका निवासी शाळेत ३४ विद्यार्थी अशाच आजाराने पडले. संशय होता पिशवीत बंद करून ठेवलेल्या शेवेवर. आपल्याकडे हा रोग क्वचित आढळतो हे खरे. पण क्वचित दिसणारा रोग ओळखायलाही अवघड असतो, आणि लकवा समजून उपचार सुरू झाला तर वेळ हातातून जातो.

व्हिनेगर टिकवते, पोसत नाही

इंग्लंडमध्ये लहान कांदे व्हिनेगरमध्ये घालून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पुढे इथे इंग्रजांची लष्करी छावणी झाली. तरी व्हिनेगर आपल्या गावच्या स्वयंपाकघरात फारसे शिरले नाही. आपल्याकडे आंबटासाठी लिंबू, चिंच, आमसूल आणि ताक होतेच. गोव्यात मात्र पोर्तुगीजांमुळे माडाच्या ताडीचे व्हिनेगर रुळले आणि तिथली लोणची त्यावर उभी राहिली. आपल्याकडे सिरकेवाला कांदा आला तो अलीकडे, हॉटेलच्या वाटेने.

व्हिनेगरमधला कांदा सुरक्षित असतो, कारण पीएच ४.६ च्या बराच खाली जातो. पण त्याने पोषण मिळते हा समज चुकीचा. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलातल्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर प्रयोग केला. दोघांना संत्री-लिंबू, दोघांना व्हिनेगर, दोघांना लसूण-मोहरी वगैरेचे चाटण, असे वेगवेगळे उपचार. संत्री-लिंबू मिळालेले झपाट्याने सुधारले. व्हिनेगरवाले तसेच राहिले. कॅप्टन कुकने १७६८ मध्ये मडेरा बेटावर जहाजावरच्या लोकांना कांदे वाटले ते याच भीतीपोटी, ताजा भाजीपाला सुटला की हिरड्या सुजून रक्त येते हे दर्यावर्दी लोकांना माहीत झाले होते.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूट इथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ हिंदी सैन्य वेढ्यात अडकले. त्यात मराठा पलटणीही होत्या. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला, हिंदी शिपायांना स्कर्व्ही. हिंदी शिपायांना कणीक मिळत होती, त्यामुळे बेरीबेरीपासून ते वाचले. गोरे शिपाई घोड्याचे ताजे मांस खात होते, म्हणून स्कर्व्हीपासून वाचले. आपल्या लोकांपैकी बहुतेकांनी धर्मामुळे ते मांस बरेच दिवस नाकारले, आणि हिरवी भाजी, ताजा कांदा, लिंबू यांपैकी काहीच पुरेसे मिळत नव्हते.

१०० ग्रॅम ताज्या कांद्यात साधारण ७ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. फार नाही, पण भाकरीबरोबर रोज अख्खा कांदा फोडून खाणाऱ्याला त्याचा आधार होता. वाळवून तळलेल्या कांद्यात ते जवळजवळ उरत नाही. म्हणून लोणचे हे तोंडी लावणे आहे, भाजीचा पर्याय नाही.

भांड्याची गोष्ट

लोणचे चिनी मातीच्या बरणीत आणि पितळी डब्यात कधीच नाही, हा नियम घरोघरी पाळला जायचा. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक-आमटी कळकते हे सगळ्यांना ठाऊक होते. कळकते म्हणजे आम्लामुळे तांबे अन्नात उतरते.

पण या बाबतीत एक मोठा धडा आपल्याला दुधाने शिकवला. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार, 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस', आपल्या राज्यात बराच दिसायचा. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी त्याचा माग काढला. आजारी मुलांच्या यकृतात तांबे साठलेले होते. त्यांना तान्हेपणी वरचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवून वा ठेवून दिले जात होते. दूध आंबट नसते, तरी ते तांबे धरून ठेवते. घरोघरी स्टील आले, हा संदेश पसरला आणि तो आजार आज जवळपास नाहीसा झाला आहे. मी विद्यार्थी असताना वॉर्डात अशी मुले पाहिली आहेत. आजच्या विद्यार्थ्यांना ती पुस्तकातच भेटतात. भांडे बदलल्याने एक रोग गेला, याहून मोठा पुरावा काय हवा?

तेव्हा कांदा-लिंबू काचेच्या किंवा चांगल्या चिनी मातीच्या बरणीत ठेवा. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम नको. स्वस्त, रंगीत झिलईची शोभेची मातीची भांडी आंबट पदार्थासाठी वापरू नका, काही झिलईत शिसे असते.

मग घरी काय करावे?

१. ताजे कांदा-लिंबू. पाव किलो कांदा बारीक चिरा. चमचाभर मीठ आणि दोन-तीन रसदार लिंबांचा रस घालून चोळा. लाल कांदा गुलाबी होईल. कांद्याच्या सालीतला रंग आम्लात तसा खुलतो. पण रंग आला म्हणजे वर्षभर टिकेल असे नव्हे. फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

२. व्हिनेगरमधला कांदा. बाटलीवर ४ ते ५ टक्के आम्लता लिहिलेले व्हिनेगर घ्या. त्यात तेवढेच पाणी चालेल, जास्त नको. मीठ घालून उकळा, स्वच्छ काचेच्या बरणीतल्या कांद्यावर कांदा पूर्ण बुडेल इतके ओता. फ्रिजमध्ये ठेवा, दोन आठवड्यांत संपवा. लसणाची पाकळी निळी-हिरवी झाली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी रासायनिक क्रिया आहे.

३. वाळवलेला कांदा आणि मसाला. वर्षाचे करायचे असेल तर हेच करा. काप कटकन मोडेपर्यंत वाळवा. पावसाळ्यात ओला चमचा बरणीत घालू नका. मसाल्याला बुरशीचा वास आला तर वरचा थर काढून बाकीचा वापरू नका, सगळाच टाका.

४. तेलातला ओला कांदा किंवा लसूण. करायचाच असेल तर भरपूर लिंबूरस वा व्हिनेगर घालून करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. फ्रिजबाहेर वर्षभर ठेवायचा व्हिडिओ कितीही लाख लोकांनी पाहिलेला असो, तो करू नका.

बचत गटातर्फे विकायला लोणचे करणाऱ्या ताईंनी हे आणखी काटेकोर पाळावे. अन्नसुरक्षेच्या नियमांत मिठाच्या जोरावर टिकवलेल्या लोणच्यात किमान १२ टक्के मीठ आणि व्हिनेगरच्या लोणच्यात किमान २ टक्के ॲसेटिक आम्ल लागते. परवान्याबरोबर पीएच तपासून घ्या. भाव पडलेल्या कांद्याला जोड मिळावी ही इच्छा योग्यच आहे. त्यासाठी वाळवलेला कांदा, कांदा पावडर, तळलेला कांदा हा मार्ग लोणच्यापेक्षा जास्त भरवशाचा आहे.

आणखी एक. कांद्याच्या सालीवर दिसणारी काळी भुकटी ही ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. २०२१ मध्ये कोरोनानंतर म्युकरमायकोसिस पसरला, तेव्हा ती कांद्यावरून येते असा संदेश फिरला होता. तो खोटा होता, ती बुरशी वेगळी. वरचे एक-दोन पापुद्रे काढून, धुऊन कांदा खा. आतपर्यंत काळा, मऊ झालेला कांदा मात्र लोणच्यात नको, कुठेच नको.

कोणी जपून खावे?

रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, हृदय कमजोर असलेल्यांनी मुरलेले लोणचे मोजून खावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. १२ टक्के मिठाच्या लोणच्याची १५ ग्रॅमची एक फोड म्हणजे जवळपास दोन ग्रॅम मीठ, दिवसाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा एका घासात. अशांसाठी वर दिलेले ताजे कांदा-लिंबू, मीठ निम्मे करून, चांगला पर्याय आहे. फ्रिज आणि चार दिवसांचा नियम मात्र पाळा. छातीत जळजळ होणाऱ्यांना आणि पोट सारखे फुगणाऱ्यांना कच्चा कांदा त्रास देतो. मधुमेहींनी गूळ-साखरेत शिजवलेला कांद्याचा मुरंबा किंवा जॅम हा गोड पदार्थच समजावा.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

असे काही खाल्ल्यानंतर साधारण १२ ते ३६ तासांत (कधी काही दिवसांनीही) एकाचे दोन दिसणे, पापण्या जड होणे, तोंड कोरडे पडणे, बोलणे अडखळणे, घास न उतरणे, मग हातापायांतली ताकद वरून खाली कमी होत जाणे, आणि ताप नसणे. असे दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा. काय खाल्ले ते डॉक्टरांना आपणहून सांगा आणि बरणी फेकून न देता बरोबर न्या. तेच अन्न आणखी कोणी खाल्ले असेल तर त्यांनाही दाखवा. या विषावर प्रतिविष आहे, ते जितके लवकर मिळेल तितके चांगले. श्वासाला यंत्राचा आधार वेळेत मिळाला तर बहुतेक रुग्ण हळूहळू बरे होतात.

घरातल्या लोणच्याबद्दल शंका असेल तर ते चाखून पाहू नका. कांदा आपल्या जिल्ह्यात महाग नाही. टाकून द्या आणि दुसरा चिरा.